नेमका निष्ठावान कोण? पोर्शे 911 आरचं प्रकरण

मार्च 2016 मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात पोर्शे या जर्मन कंपनीने आपल्या 911 या स्पोर्ट्स कारची ‘911 आर’ ही खास आवृत्ती लोकांसमोर आणली. चार लिटरचं, 500 अश्वशक्तीचं इंजिन. सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. वजन 1,370 किलो. मागे रेसच्या गाडीसारखा उंच पंख नाही. रेडिओ आणि एसी हवा असेल तर मागून घ्यायचा. त्याचे वेगळे पैसे नव्हते, पण न मागता तो मिळणारही नव्हता. एकूण गाड्या 991. किंमत जर्मनीत 1,89,544 युरो, अमेरिकेत 1,84,900 डॉलर.

प्रदर्शनात पडदा निघाला तेव्हाच बहुतेक गाड्या बोलल्या गेल्या होत्या. गिऱ्हाइकांच्या हाती गाड्या पडायला लागल्या आणि त्याच वर्षी त्यातल्या कितीतरी पुन्हा बाजारात आल्या. मागणी मूळ किमतीच्या दुप्पट-तिप्पट, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. अशा गाड्यांवर रनिंग म्हणजे कारखान्यातून शोरूमपर्यंत आणि शोरूमच्या आवारात पुढे-मागे करताना पडलेले किलोमीटर, एवढंच. मग सप्टेंबर 2017 मध्ये पोर्शेने बरीचशी तशीच गाडी, संख्येची मर्यादा न घालता, खूप कमी किमतीत विकायला काढली, आणि ‘ऑन’, म्हणजे मूळ किमतीच्या वर पैसे, देऊन घेतलेल्या आरचे भाव घसरले.

एका वाक्यात सांगायचं तर पोर्शेने ही गाडी आपल्या सर्वांत निष्ठावान गिऱ्हाइकांना दिली आणि तरीही आपल्या सर्वांत निष्ठावान माणसांना दुखावलं. कंपनीशी एकनिष्ठ असलेला आणि गाडीशी एकनिष्ठ असलेला माणूस एकच असतो, असं कंपनी धरून चालली होती. एके काळी ते खरंही होतं. 2016 पर्यंत ही दोन माणसं वेगळी झाली होती. ती कशी वेगळी झाली, हे पाहिल्याशिवाय हे प्रकरण उलगडत नाही.

वापरायच्या गाडीची जपायची गाडी झाली

911 पहिल्यांदा दिसली ती 1963 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात, 901 या नावाने. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला म्हणून ती 911 झाली. सहा सिलिंडरचं इंजिन, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला आडवी, आणि हे सगळं मागच्या चाकांच्याही मागे. थंड ठेवायला पाणी नाही. मोठा पंखा आणि भरपूर ऑइल. मागे एवढं वजन असल्यामुळे वळणाच्या मधोमध घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडीची शेपटी बाहेर फेकली जायची. ही गाडी चालवायला शिकावी लागायची. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, आत शिरल्यावर पाय स्थिर ठेवायचा, बाहेर पडताना मागच्या वजनाचा उपयोग करून घ्यायचा.

या शिकण्यातूनच तिच्याभोवती माणसं जमली. पोर्शे क्लब ऑफ अमेरिका 1955 मधला, म्हणजे 911 च्याही आधीचा. शनिवार-रविवारी ट्रॅकवर जायचं, जुन्या सभासदाने नव्याच्या शेजारी बसून त्याला शिकवायचं, ही त्या क्लबातली जुनी रीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत दहा-पंधरा वर्षांची 911 म्हणजे सेकंडहँड गाडी होती, तेवढंच. लोक ती कापायचे, जोडायचे, मागचे मडगार्ड रुंद करायचे, आतलं कार्पेट काढून फेकायचे. 1973 ची कॅरेरा आरएस 2.7 कंपनीने एकूण 1,580 बनवली होती. ती न परवडणाऱ्यांनी साध्या 911 ला तसं रूप दिलं आणि बिनदिक्कत वापरलं. 1999 मध्ये कॅलिफोर्नियात ‘आर ग्रुप्पे’ नावाचा गट उभा राहिला तो याच वृत्तीच्या लोकांचा. जुनी 911 घ्या, आपल्या हाताने हलकी आणि वेगवान करा, आणि चालवा. मूळ रंग आहे का, मूळ इंजिन आहे का, हे विचारणारा माणूस तिथे परका ठरायचा.

2010 नंतर हे फार झपाट्याने बदललं. व्याजदर खाली होते आणि पैसा जागा शोधत होता. कॅलिफोर्नियातल्याच ‘सिंगर’ने 2009 पासून नव्वदच्या दशकातल्या 911 घेऊन त्या नव्याने घडवायला सुरुवात केली आणि त्यांना लाखो डॉलर मोजणारे लोक मिळाले. 2014 मध्ये ‘लुफ्टगेक्युल्ट’ हा मेळावा सुरू झाला, त्यात प्रदर्शनात जागा फक्त एअरकूल्ड गाड्यांना. एअरकूल्ड 911 चे भाव काही वर्षांत कुठल्या कुठे गेले.

भाव वर गेले की माणसांचं वागणं बदलतं, आणि ते अगदी बारीक गोष्टींत दिसतं. आधी गाडी बघायला येणारा माणूस इंजिन चालू करून कान लावायचा. आता तो खिशातून रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र काढतो आणि बॉनेटवर, दारांवर, मडगार्डवर इंचाइंचावर टेकवत जातो. एका ठिकाणी आकडा वाढलेला दिसला की गाडी तिथे पुन्हा रंगवली आहे हे कळतं आणि भाव खाली येतो. इंजिनावरचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळतो का हे पाहिलं जातं. ज्याने पंधरा वर्षांपूर्वी हौसेने मडगार्ड रुंद केले, तो आता जुने पत्रे शोधत फिरतो. गाडी चालवली की रनिंग वाढतं आणि रनिंग वाढलं की किंमत उतरते, हा हिशेब ज्याच्या डोक्यात एकदा बसला त्याला ट्रॅकवर जाताना चैन पडत नाही.

आपल्याकडे राजदूत 350 च्या बाबतीत हेच झालं. एस्कॉर्ट्सने ऐंशीच्या दशकात बनवलेली ही यामाहा मोटरसायकल नवी होती तेव्हा ॲव्हरेज परवडत नाही म्हणून लोकांनी नाकारली. आज पुण्या-मुंबईत चांगल्या स्थितीतल्या गाडीला लाखांत मागणी आहे, आणि तिच्यावरून रोज कॉलेजला जाणाऱ्यांतले बरेचजण आता पावसात ती बाहेर काढत नाहीत.

पाणी आलं तेव्हा

शेवटची एअरकूल्ड 911 कारखान्यातून बाहेर पडली ती 31 मार्च 1998 रोजी. त्यानंतरची 996 पाण्याने थंड होणारी. जुन्या लोकांच्या मनातला हा पहिला मोठा ओरखडा, आणि त्याबद्दल माझं मत त्यांच्या विरुद्ध आहे.

1986 च्या सुमारास पोर्शे वर्षाला 50 हजारांच्या पुढे गाड्या विकत होती. 1993 पर्यंत तो आकडा 15 हजारांच्या आसपास आला. 1992-93 या आर्थिक वर्षात सुमारे 24 कोटी मार्कांचा तोटा झाला. वेंडेलिन वीडेकिंग यांनी सूत्रं हाती घेतली तेव्हा कंपनी विकली जाणार की बुडणार, एवढंच ठरायचं बाकी होतं. त्यांनी टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार बोलावले. कारखान्यात सुट्या भागांचे उंचच उंच रॅक होते, ते त्यांनी कापून खाली आणले. बॉक्स्टर आणि 996 या दोन गाड्या एकमेकींचे शक्य तितके भाग वापरतील अशा आखल्या गेल्या. पुढचे दिवे, पुढचे दरवाजे, बॉनेट, सगळं सामाईक. प्रदूषण आणि आवाजाचे नियम कडक होत होते, आणि एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे तर हवेने थंड ठेवणं आवाक्याबाहेर चाललं होतं. पाण्याला पर्याय नव्हता.

तेव्हा सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्यांमधले अनेकजण नव्या गाड्या विकत घेत नव्हते. त्यांच्याकडे जुनी 911 होती आणि ती पुरेशी होती. कंपनीने त्यांचं ऐकलं असतं तर आज चर्चा करायला 911 उरली नसती, असं मला ठामपणे वाटतं. 2002 मध्ये आलेल्या कायेनचंही तेच. एसयूव्ही म्हणून तिची खूप हेटाळणी झाली, पण पुढच्या ट्रॅकवरच्या गाड्यांचा खर्च निघाला तो अशाच गाड्यांच्या पैशांतून.

996 च्या बाबतीत कंपनीचं खरं चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. इंजिनातल्या इंटरमिजिएट शाफ्टचं बेअरिंग. हा शाफ्ट क्रँकशाफ्टकडून फिरणं घेतो आणि कॅमशाफ्टकडे पोहोचवतो. त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग बसवलं होतं. आतलं ग्रीस संपलं किंवा धुऊन गेलं की ते झिजायचं आणि तुटलं की अख्खं इंजिन गेलं. बहुतेक गाड्यांत काहीच झालं नाही, पण कोणाच्या गाडीत होईल हे आधी कळायची सोय नव्हती. अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला आणि 2013 मध्ये तडजोड झाली. 996 चे गोल नसलेले दिवे आवडले नाहीत म्हणून सोडून गेलेला माणूस 2004 मध्ये पुढच्या मॉडेलला गोल दिवे आल्यावर परतला. इंजिन गेलेला माणूस तसा परतत नाही.

गिअरचा दांडा

2013 साली नव्या 911 जीटी3 ची घोषणा झाली. 1999 पासून जीटी3 म्हणजे रेसच्या गाडीला सर्वांत जवळची, रस्त्यावर चालवता येणारी 911. या वेळी तिला मॅन्युअल गिअरबॉक्सच नव्हता. फक्त पीडीके, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. एक क्लच चालू गिअर धरून असतो तेवढ्यात दुसऱ्याने पुढचा गिअर तयार ठेवलेला असतो. चालकाने स्टिअरिंगमागची गिअर बदलायची पाकळी ओढली की डोळ्याचं पातं लवायच्या आत बदल होतो. न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकची सुमारे 21 किलोमीटरची फेरी ही गाडी साडेसात मिनिटांच्या आत मारत होती. कंपनीच्या अभियंत्यांचं म्हणणं सरळ होतं: जीटी3 ट्रॅकसाठी आहे, ट्रॅकवर पीडीके वेगवान आहे, मग मॅन्युअल कशासाठी?

या वेळचा राग मला न्याय्य वाटतो. 1998 मध्ये कंपनीपुढे कायद्याची आणि दिवाळखोरीची भिंत होती. 2013 मध्ये तशी कोणतीही भिंत नव्हती. लोक जे मागत होते त्याचा स्टॉपवॉचशी संबंध नव्हता. इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर असताना डावा पाय आणि उजवा हात एकाच क्षणी जुळवायचे, खालच्या गिअरवर येताना टाच ॲक्सिलरेटरवर टेकवून फेऱ्या जुळवायच्या, आणि हे नीट जमलं की मिळणारा आनंद. ज्यांनी ही गाडी चालवायला शिकण्यात उमेदीची वर्षं घालवली त्यांना कंपनी सांगत होती की तुमचं हे शिकणं आता लागत नाही.

त्याच गाडीने आणखी एक प्रसंग आणला. 2014 च्या फेब्रुवारीत काही जीटी3 ना आगी लागल्या. कंपनीने तोवर विकलेल्या सर्व 785 गाड्यांच्या मालकांना गाडी चालवू नका असं कळवलं आणि सर्वच्या सर्व गाड्यांना नवी इंजिनं बसवून दिली. पुढे या इंजिनांची वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढवली. एवढा मोठा दोष निघूनही मालकांमध्ये त्या गाडीबद्दल फारशी कटुता राहिली नाही. बेअरिंगच्या प्रकरणाशेजारी हे ठेवून बघावं. तेच गिऱ्हाईक, तीच कंपनी, पण एकदा गिऱ्हाइकाला कोर्टाची पायरी चढावी लागली आणि एकदा कंपनी स्वतः दारात आली.

2015 मध्ये केमन जीटी4 ही पोर्शेचीच दुसरी स्पोर्ट्स कार आली, फक्त मॅन्युअलमध्ये, आणि तिच्यावर उड्या पडल्या. मागणी किती खरी होती याची कंपनीला खात्री पटली. त्यातून आर आली.

991 गाड्यांचं वाटप

911 आर हे नाव 1967 मधलं. तेव्हाची आर म्हणजे दोन लिटरच्या इंजिनाची, जेमतेम 800 किलोची, 210 अश्वशक्तीची रेसिंग गाडी, विसेकच बनल्या. नव्या आरमध्ये जीटी3 आरएसचं इंजिन होतं, बॉनेट आणि पुढचे मडगार्ड कार्बन फायबरचे, छत मॅग्नेशियमचं, मागच्या काचा प्लास्टिकच्या. सीटच्या मधल्या भागावर जुन्या पोर्शेंमध्ये असायचं तसं काळं-पांढरं चौकटीचं कापड.

हवं असल्यास त्यात हलकं, एकसंध फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं चाक) घेता यायचं. साध्या गाडीत फ्लायव्हीलचे दोन भाग असतात आणि मधल्या स्प्रिंगा इंजिनाचे धक्के गिळतात. एकसंध फ्लायव्हीलमध्ये ते गिळायला कोणी नसतं. गाडी न्यूट्रलला उभी असताना गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते, सुटे खिळे डब्यात हलवावेत तशी. क्लच दाबला की एकदम शांत. नवख्याला वाटतं काहीतरी मोडलंय. जाणणाऱ्याला कळतं की याच्या बदल्यात इंजिन पायाच्या इशाऱ्याला क्षणात वर-खाली होणार आहे. ट्रॅकवर फेरीची वेळ कमी करायला याचा उपयोग नाही. ही गाडी केवळ चालवण्याच्या आनंदासाठी होती, आणि ज्यांनी 2013 नंतर तक्रारी केल्या त्यांचं म्हणणं शब्दशः ऐकून ती बनवलेली दिसते.

मग ती द्यायची कोणाला? कंपनीने पहिला मान दिला 918 स्पायडरच्या मालकांना. 918 ही हायब्रिड सुपरकार, अमेरिकेतली किंमत 8,45,000 डॉलर, एकूण 918 गाड्या. म्हणजे आर जेवढ्या बनणार होत्या त्यांच्या जवळपास तेवढेच मान्यवर आधीच रांगेत. सर्वांनी घेतली नसली तरी बाकीच्यांसाठी काय उरलं असेल याचा अंदाज यावरून येतो. जे उरलं ते डीलरांकडे गेलं, आणि डीलरचाही स्वतःचा हिशेब असतो. मोजक्या गाड्या आल्या की त्या वर्षानुवर्षं कायेन, मकान, पानामेरा या पोर्शेच्या नेहमीच्या गाड्या घेत आलेल्या घराला जातात. अमेरिकेत तर डीलर स्वतंत्र धंदेवाला असतो. कंपनी किंमत सुचवते, पण वर किती ‘ऑन’ घ्यायचा हे डीलर ठरवतो.

कंपनीची बाजू समजून घेण्यासारखी आहे. 918 घेणाऱ्यांनी एका अवघड, खर्चिक, न आजमावलेल्या गाडीवर मोठी रक्कम लावली होती. त्यांची आठवण ठेवणं ही धंद्यातली सभ्यता झाली. त्यातल्या अनेकांनी आर घेतली आणि मनापासून चालवलीही. पण या मापात एक पायाभूत दोष होता. ज्याने 1989 ची 911 घेतली, तिचं इंजिन स्वतः उघडलं, तिला पंचवीसेक वर्षं ट्रॅकवर नेलं, नव्या मुलांना शिकवलं, क्लबचे कार्यक्रम उभे केले, त्या माणसाने शोरूममध्ये गेल्या वीस वर्षांत एकही नवी गाडी घेतलेली नसते. कंपनीच्या नोंदीत तो जवळजवळ नाहीच. आणि ज्याने पाच वर्षांत चार नव्या गाड्या घेऊन विकल्या, तो यादीत सर्वांत वर. खरेदीच्या पावत्या मोजून काढलेली निष्ठा पैशांचा वाहता झरा शोधते. प्रेम शोधायला ती बनलेलीच नाही.

म्हणून आर जिथे पोचली तिथे ती जुन्या एअरकूल्ड गाड्यांच्या बाजाराचे सगळे नियम घेऊन पोचली. मॅन्युअल, मर्यादित संख्या, जुन्या नावाचा वारसा. 2011 ची जीटी3 आरएस 4.0, फक्त 600 बनलेली, आधीच महागात विकली जात होती. आरचंही तेच होणार हे गुंतवणूक म्हणून बघणाऱ्याला पहिल्या दिवशी दिसलं. चालवण्यासाठी बनवलेली गाडी चालवली की तोटा, अशी विचित्र परिस्थिती तयार झाली. जीटी गाड्यांचे प्रमुख आंद्रेआस प्रॉइनिंगर यांनी जाहीर मुलाखतींत या साठेबाजीबद्दल नाराजी बोलून दाखवली. गाड्या वापरल्या जाव्यात, उभ्या राहू नयेत, हा त्यांचा सूर होता. तो प्रामाणिक होता यात मला शंका नाही. पण वाटपाची पद्धत आणि त्यांची इच्छा एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढत होत्या.

टूरिंग

मार्च 2017 मध्ये सुधारलेली जीटी3 आली. चार लिटर, 500 अश्वशक्ती, आणि जादा पैसे न घेता मॅन्युअलचा पर्याय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टला ‘टूरिंग’ आली: मागचा मोठा पंख काढलेला, गिअरबॉक्स फक्त मॅन्युअल. अमेरिकेत किंमत 1,43,600 डॉलरपासून. मॅग्नेशियमचं छत नाही, एकसंध फ्लायव्हील नाही, वजन चाळीसेक किलोंनी जास्त. पण इंजिन 9,000 फेऱ्यांपर्यंत जाणारं, आणि संख्येला मर्यादा नाही.

आरचे भाव उतरले. मूळ किमतीच्या खाली ते कधी गेले नाहीत, मात्र शिखरावर घेतलेल्यांचे हात चांगलेच पोळले. त्यांच्यापैकी काहींनी कंपनीने विश्वासघात केला असा सूर लावला. मला तो आरोप मान्य नाही. कंपनीने 991 पेक्षा जास्त आर न बनवण्याचा शब्द दिला होता आणि तो पाळला. आरसारखी दुसरी गाडी कधीच बनवणार नाही असा शब्द कोणालाही दिलेला नव्हता. बाजारात दुप्पट-तिप्पट मोजणाऱ्याने ते पैसे पोर्शेला दिले नव्हते, आधीच्या मालकाला दिले होते.

ज्यांना आर मिळाली नव्हती त्यांच्यासाठी टूरिंग ही खरी भरपाई ठरली. तिची नावनिशाणी साधी, प्लेटवर अनुक्रमांक नाही, त्यामुळे ती ट्रॅकवर नेताना किंवा पावसात घराबाहेर काढताना मालकाचा जीव वरखाली होत नाही. या सगळ्या प्रकरणात कंपनीने घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय कोणता असं विचारलं तर मी टूरिंगचं नाव घेईन. दुर्मीळपणा हीच किंमत असेल तर वस्तू मुबलक करणं हा एकच उपाय लागू पडतो. तोसुद्धा पुरता लागू पडला नाही. एकूण जीटी गाड्याच कमी बनतात, त्यामुळे टूरिंगवरही अमेरिकेतल्या डीलरांनी ‘ऑन’ घेतलाच.

पुन्हा तीच वाट

ऑगस्ट 2023 मध्ये, 911 ला 60 वर्षं झाली त्या निमित्ताने, पोर्शेने 911 एस/टी आणली. 525 अश्वशक्ती, 1,380 किलो, फक्त मॅन्युअल, हलका क्लच, मोठा पंख नाही. संख्या 1,963, पहिल्या प्रदर्शनाच्या सालावरून. म्हणजे आरचाच कित्ता, दुपटीच्या आसपास संख्येने.

या वेळी अमेरिकेत एक नवी अट आली. गाडी पहिलं वर्ष लीजवर घ्यायची आणि ते संपल्यावरच विकत घेता येणार. लीजच्या काळात कागदावर मालक वित्तसंस्था असते, त्यामुळे गिऱ्हाईक ती विकू शकत नाही. पोर्शेने साठेबाजीविरुद्ध कायद्याने टिकेल असं उचललेलं हे ठोस पाऊल, आणि मला ते मनापासून पटतं. मात्र ते अर्धंच आहे. वर्षभर गॅरेजमध्ये झाकून ठेवली आणि मग विकली, तर अट पाळलीच की. लीज विक्री लांबवते, चालवायला लावत नाही. आणि कोणाला द्यायची हा मूळ प्रश्न तिने शिवलेलाही नाही.

त्या प्रश्नाला उत्तर द्यायची सामग्री कंपनीकडे आहे. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी सर्व्हिसिंगला आली की जॉबकार्डवर ओडोमीटरचा आकडा लिहिला जातो. कोणाची मर्यादित संख्येची गाडी तीन वर्षांत तीस हजार किलोमीटर फिरली आणि कोणाची तीनशे, हे त्या नोंदींतून काढता येतं. जुन्या गाड्यांसाठी कंपनीचा पोर्शे क्लासिक विभाग सुटे भाग पुरवतो. तिथे वर्षानुवर्षं क्लचप्लेट, गॅस्केट, बुश घेणारा माणूस कोण आहे हेही दिसतं. क्लबांकडे प्रशिक्षकांच्या याद्या असतात. पुढच्या मर्यादित गाडीचा एक ठरावीक वाटा, समजा चौथा हिस्सा, अशा माणसांसाठी राखून ठेवला आणि तसं जाहीर केलं, तर तो माणूस पहिल्यांदाच कंपनीच्या हिशेबात येईल. काहीजण रनिंग दाखवण्यापुरती गाडी फिरवतील हे खरं आहे. फिरवू देत, फिरवलेल्या गाडीला बाजारात तेवढा भाव येत नाही, म्हणजे साठेबाजाला ते आपोआप नकोसं होतं.

यावर नेहमीचं उत्तर असं येतं की वाटप डीलरच्या हातात आहे, विशेषतः अमेरिकेत, आणि कंपनी त्यात पडू शकत नाही. रोजच्या गाड्यांच्या बाबतीत ते मान्य. पण 2016 मध्ये 918 च्या मालकांना पहिला मान कंपनीनेच दिला होता, आणि तेव्हा डीलरांची आडकाठी झाली नव्हती.